हातात मूल असलेला संत

गोव्यातल्या आमच्या पेडण्याकडे देव गावावरून ओळखायची रीत. नार्व्याचा देव, मांद्र्याची देवी. चर्चनाही आम्ही तोच न्याय लावला: अमक्या गावची इगर्ज, तमक्या वाड्यावरचं कपेल. ते कुठल्या संताच्या नावाने बांधलंय, हे विचारायची कधी गरजच वाटली नाही. ख्रिस्ती शेजारी मात्र आधी संताचं नाव घेत, कारण प्रत्येक संताकडे मागायचं वेगळं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून एवढी साधी गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. आईला ते अज्ञान फार महागात पडलं.

माझा थोरला भाऊ खाणीवर ट्रक चालवायचा. भाषेच्या आंदोलनात रस्ते अडले, ट्रक जागच्या जागी उभे राहिले. घरात बसून वैतागलेला भाऊ बेळगावकडे काम बघतो म्हणून निघाला तो परत आलाच नाही. वडील हुबळीपर्यंत जाऊन आले. ओळखीचे ड्रायव्हर येताजाता विचारपूस करत. काही पत्ता लागला नाही.

तेव्हा पाव घेऊन येणारी पोदेराची बायको आईला म्हणाली, “सांत आंतोनाक माग गे वयनी. शेणलेलें तो सोदून दिता. ताच्या हातांत भुरगें आसता.”

हरवलेलं शोधून देणारा, हातात मूल असलेला. ती बोलत होती नदीपलीकडच्या इगर्जेबद्दल. आई गेली टेकाडावरच्या आमच्याच कपेलात. आत कडेवर बाळ घेतलेला दाढीवाला संत उभा होता. आणखी काय विचारायचं? आमचे सगळे देव आम्ही हातातल्या वस्तूवरूनच तर ओळखतो.

मग दर मंगळवारी एक मेणबत्ती आणि अबोलीचा गुंफलेला वळेसर. वडील थट्टा करत, “आता आयताराक इगर्जेत मिसाक पण बस.” पण घरातल्या मेणबत्त्या संपल्या की बाजारातून तेच आणून द्यायचे. गोवा राज्य झालं, पेडण्यात फटाके वाजले, तेव्हा आई म्हणाली, ही बातमी तरी त्याच्या कानावर गेली असेल, घराची आठवण येईल. मला तिच्या आशेची भीती वाटायची.

पुढच्या मार्चमध्ये कपेलाचं फेस्त होतं, तिथल्या संताचा वार्षिक सण. आई नवं लुगडं नेसून, मला बरोबर घेऊन गेली. दारातच पोदेरीण भेटली.

“वयनी, तूं हांगा?”

“मगे? तुमच्या आंतोनाचां फेस्त मां?”

“न्हय गे! हो सां जुझे, ह्या भुरग्याचो बापूय. हाका बऱ्या मरणाखातीर मागतात. तो मेलो तेन्ना घरचीं ताच्या कुशीक आसलीं, देखून.”

मरताना घरची माणसं जवळ असावीत, म्हणून याच्याकडे मागायचं. आईच्या हातातला वळेसर तसाच राहिला. ती हळूच म्हणाली, “म्हणजे मी झिलासाठी मराण मागलंय?”

पोदेरीण रडकुंडीला आली. तसं नसतं, देवाला मनातलं कळतं, असं ती परत परत सांगत होती. मला तिचा राग आला, मग आईच्या भोळेपणाचा, आणि सगळ्यात जास्त त्या संताचा. मूल घेऊन इतके मंगळवार उभा राहिला आणि बोलला नाही.

पोदेरणीने पुढच्याच आठवड्यात आईला तरीतून नदीपलीकडे नेलं, खऱ्या आंतोनापुढे उभं केलं. आई जात राहिली. टेकाडाची वाट मात्र तिने टाकली. लांबून कपेल दिसलं तरी पदर पुढे ओढून मान फिरवायची.

वर्षं गेली. वडील गेले, ते आम्हा सगळ्यांच्या मध्ये, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यानंतरच्या मार्चमध्ये एका सकाळी आई म्हणाली, चल, टेकाडावर जाऊया. मी तिच्या मागून गेले. फेस्ताची गर्दी अजून व्हायची होती. तिने वळेसर ठेवला आणि मेणबत्ती माझ्या हातात दिली.

“काय मागतंस गे आई?”

ती संताच्या हातातल्या बाळाकडे बघत राहिली. “खयंय मेलो आसात,” ती म्हणाली, “तर तेच्या जवळ कोणतरी आसाक व्हया.”

मी मेणबत्ती पेटवली. भाऊ आता येणार नाही, हे आमच्या घरात तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. आईने ते पहिल्यांदा त्या संताला सांगितलं.