अळणी पेजेचं रसायन

ऐंशीच्या दशकात मॉरिशसमध्ये संशोधन करायचं म्हणजे निम्मं आयुष्य बोटीची वाट पाहण्यात जायचं. माझं काम मात्र ऐकायला भारी होतं. एकाच रेणूला वेगवेगळ्या शेपट्या लावायच्या आणि कोणत्या शेपटीने अभिक्रिया पळते, कोणत्या शेपटीने रेंगाळते, ते घड्याळ लावून मोजायचं. उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनमचे कण लागत, इतके बारीक की पाण्यात तरंगत राहावेत. आता अशा कणांना नॅनो म्हणून मिरवतात. आम्ही त्या पाण्याला काळा चहा म्हणत होतो.

कण सुटे राहावेत म्हणून त्यात डिंक घालावा लागे. डिंक बोटीवर आणि बोट कुठेतरी समुद्रात. शेवटी मी आईने केलेली तांदळाची पेज घालून पाहिली. ती डिंकाहून सरस निघाली. प्रबंधात मी तिला 'शुद्ध स्टार्चचं द्रावण' केलं आणि रोज आमच्या क्युरपिप गावच्या पावसात थर्मास काखेत मारून बस पकडू लागले.

मग परदेशातून परीक्षक आले. म्हणाले, प्रयोग माझ्यासमोर करा. जमला तर पदवी, नाही तर आणखी दोन वर्षं.

मी जादूगाराच्या थाटात थर्मास ओतला. दहा मिनिटांत सगळं काळं तळाशी बसलं आणि वर नितळ पाणी. परीक्षकांनी चष्मा पुसला. माझे मार्गदर्शक खिडकीतून ऊस पाहू लागले.

मी उरलेली पेज चाखली. खारट! मिठाने कण एकमेकांना चिकटतात, हे मीच तिसऱ्या प्रकरणात ऐटीत लिहिलं होतं.

घराशेजारच्या दुकानात फोन करून आईला फोनवर बोलावून घेतलं.

"तुझी रोजची अळणीच असते, बाय," ती शांतपणे म्हणाली. "आज साह्यब येणार बोललीस. पाव्हण्याला अळणी पेज कशी धाडू?"

परीक्षकांना हे समजावताना शुद्ध स्टार्चचं बिंग फुटलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशीच्या अळणी पेजेने प्रयोग झकास झाला. पदवी द्यायला ते तयार झाले, पण एका अटीवर: स्टार्च खोडायचा आणि पेजेची नेमकी कृती लिहायची.

मी वही घेऊन आईच्या चुलीपाशी बसले. पाणी किती घालतेस?

"पुरेल इतकं," आई म्हणाली.

पदवी त्यानंतर तीन आठवडे तिथेच अडून राहिली.