माळवदावरची नवी प्लेट

आमच्या घरात नवी वस्तू उघडी ठेवायची पद्धत नाही. रेडिओला कव्हर, टीव्हीला झालरीचं कव्हर, शिलाई मशीनला तर दोन: एक रोजचं, एक पाहुण्यांसाठी! सगळी माझ्या हातची.

शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीवर तेव्हा विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. (खांबांना तोवर म्हशी अंग घासत.) माळवदावर सोलरची एक जुनी प्लेट होती. तिच्या बॅटरीवर एक ट्यूब आणि छोटा काळा-पांढरा टीव्ही चाले. चाले म्हणजे काय, बातम्यांचा नमस्कार होईपर्यंत! मग चित्र कडांनी आकसत पोस्टाच्या तिकिटाएवढं व्हायचं आणि जायचं.

एकदा ते गेलं नेमकं शकुआक्कांपुढे. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, माजलगावच्या. धरणाचं पाणी, उसाचं रान, घरात फ्रिज! त्या म्हणाल्या, "सुमे, ह्याच्यापरीस आमचा भितीवरचा फोटू बरा. हालत न्हाई, पन जात बी न्हाई!"

झालं! पुढच्या जत्रेला आक्का येतील तेव्हा टीव्ही शेवटपर्यंत चाललाच पाहिजे, असा मी पणच केला. ह्यांच्या मागे लागून जुन्या प्लेटीशेजारी नवी बसवून घेतली. चांगली मोठी, निळीशार, आरशासारखी!

टीव्ही मात्र बातम्यांच्या पुढे सरकेना.

"आवो, नवी प्लेट वर बसून करती तरी काय?"

"ऊन खाती न ढेकर देती!" हे म्हणाले.

बीडहून फिटर आला. सकाळच्या पहिल्या गाडीनं, कारण भर दुपारी आमच्या माळवदावर चढणं म्हणजे तापल्या तव्यावर चालणं! दोन्ही प्लेटी कोवळ्या उन्हात चमकत होत्या. त्यानं वायरी हलवल्या, डोकं खाजवलं आणि निदान केलं. "वैनी, जुनी प्लेट नवीला वढतीया. म्हातारा बैल न तरणा बैल एका जुवाला जुपल्यावर काय व्हनार?"

मला हे लगेच पटलं. त्यानं जुनीची वायर सोडली. त्या संध्याकाळी टीव्हीच काय, ट्यूबही डोळे उघडेना!

"दुकानदारानं फसवलं!" मी जाहीर केलं. "जत्रा झाली की प्लेट उचला न त्याच्या दारात नेऊन आपटा!" तिथं काय काय बोलायचं, तेही मी ह्यांना पाठ करून दिलं.

जत्रेच्या दिवशी भर दुपारी आक्का आल्या. "म्हनं नवी प्लेट बसवली. बघू तरी!" असं म्हणत ह्यांना घेऊन थेट शिडीनं वर! मी खाली भाकरी थापत होते. तोच आक्कांचं हसू माळवदावरून गडगडत आलं.

"सुमे! ह्या प्लेटीला झबलं कुनी शिवलंय गं?"

मी पिठाच्या हातानं वर गेले. नवी प्लेट माझ्या जाड गोधडी-कापडाच्या कव्हरात होती. वर दोन पोपट भरलेले, चारी कोपऱ्यांना नाड्या.

"हे काय हाय?" ह्यांनी विचारलं.

"कव्हर. दिसंना का?"

"सोलरला?"

"निस्तं भर दुपारचं बांधते. ऊन कललं की काढते. एवढी महागाची वस्तू, रंग उडंल न्हाई का?"

"आगं, पन तिला ऊन..."

"सकाळचं कोवळं मिळतंय की! लेकराला तेवढं पुरतं, मग प्लेटीला कावून पुरू नये?"

"आन् मला कावून सांगितलं न्हाईस?"

"लोणच्याच्या बरणीला दादरा बांधते, तो तुमाला इचारून बांधते का?"

हे खाली वाकून नाड्या सोडायला लागले. आक्का तर खालीच बसल्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

कव्हर निघालं, म्हातारा बैल परत जुवाला आला. दुसऱ्या दिवशी टीव्ही असा चालला की कार्यक्रम संपून पडद्यावर मुंग्या आल्या तरी आम्ही मुंग्याच बघत बसलो! "चांगला चालतुया की," आक्कांना म्हणावंच लागलं. मी जिंकले होते!

जाताना त्यांनी फक्त ते कव्हर मागितलं. मी आनंदानं दिलं. आता ते त्यांच्या फ्रिजवर आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगतात, "ही आमच्या सुमननं सूर्याला शिवलेली कुंची!"

आमचा टीव्ही शेवटपर्यंत चालला, हे माजलगावात कुणालाही ठाऊक नाही. पोपट मात्र सगळ्यांनी बघितलेत.