तिने आत घेतलेले प्रोग्रॅम
कॉम्प्युटरवरची चादर झटकली की तापल्या धुळीचा वास येतो आणि ती दुपार आठवते. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. शेजारचे यंत्रमागही बंद पडलेले, घरात नुसती पंख्याची घरघर. कॉम्प्युटर तेवढा सारखा काहीतरी विचारायचा. हे घ्या, ते बसवू का? वैतागून मी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्या बघूनच हसल्या. "काका, लई कचरा हाय की ह्यात! जे विचारंल त्याला हो म्हणलाय व्हय तुमी?" मी कशाला म्हणेन? ते बायकोचं काम. दारात आलेल्याला चहाशिवाय न सोडणारी बाई, पडद्यावर कुणी विचारलं तरी तिच्याच्याने नको म्हणवायचं नाही. पासवर्ड चोरणारा एक प्रोग्रॅम लपून बसला होता, तोही तिनेच आत घेतलेला. बाईंनी एकेक उपटून काढला, मागे उरलेल्या फायली हुडकून पुसल्या, पुन्हा सगळं तपासलं. "आता येकबी न्हाय राहिला." चहा ठेवू का विचारलं, तर नको म्हणून निघाल्या. कॉम्प्युटर आता झटकन सुरू होतो, गुमान चालतो. त्या दुपारपासून या घरात मला कुणी काही विचारलेलं नाही.