यशाची तीन कारणे

आमची ताई पुस्तकात आहे. थट्टा नाही, खरंच आहे. नववीच्या वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात, लघुउद्योगाच्या धड्यात, निळ्या चौकटीत. शिलाई मशीनपाशी उभी आहे, हातात तिने शिवलेलं दप्तर, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मागे डावीकडे कोणाचं तरी कोपर दिसतं. ते कोपर माझं. खाली छापलंय की या उद्योजिकेने चार गरजू महिलांना रोजगार दिला. त्यातली एक गरजू महिला म्हणजे मी, तिची सख्खी धाकटी बहीण. घरी सासूची टकळी ऐकण्यापेक्षा ताईकडे जाऊन चेन लावलेली बरी, एवढीच माझी गरज. पण पुस्तकात एकदा छापून आलं की माणूस गरजू ठरतो, त्याला इलाज नाही.

ताईला दप्तरं शिवायचं वेड होतं. ताडपत्रीवाल्याकडून कॅनव्हासचे उरलेले तुकडे आणायची, धुवायची, उन्हात घालायची आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन लावून बसायची. पट्टा जिथे तुटतो तिथे ती दुहेरी शिवायची, आतून एक तुकडा घालून. पोरं ती दप्तरं फरपटत न्यायची, त्यांच्यावर बसायची, त्यांनी एकमेकांना बडवायची, पण दप्तर काही हार मानायचं नाही. थोरल्याचं दप्तर धाकट्याला जायचं. मी म्हणायचे, "अगं, इतकं मजबूत शिवलंस तर नवीन घेणार कोण?" ती म्हणायची, "तू चेन लाव गप." शाळा उघडायच्या आधी घरात पाय ठेवायला जागा नसायची, आम्ही उभ्याउभ्या जेवायचो. पण ताई खूश असायची. तिला तसं खूश मी नंतर कधी पाहिलं नाही, म्हणून सांगते.

तेव्हाच पुस्तक मंडळाची माणसं आली, दोन साहेब आणि एक बाई, कॅमेरा घेऊन. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, मशीनवर हात फिरवला. बाईंनी विचारलं, "तुमच्या यशाचं रहस्य काय?" ताई लाजून म्हणाली, "रहस्य कसलं हो, पट्टा तुटत नाही एवढंच." बाईंनी ते लिहूनही घेतलं. पण पुस्तक आलं तेव्हा त्यात पट्ट्याचा पत्ताच नव्हता. छापलं होतं, यशाची तीन कारणे: चिकाटी, योग्य नियोजन आणि कुटुंबाचा खंबीर पाठिंबा.

खंबीर पाठिंबा म्हणे! आमचे दाजी दुसऱ्या गावी नोकरीला गेले ते तिकडचेच झाले. जाताना आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसली. ताईची लेक, बारकी, तेव्हा रांगत होती. पण ताईने ते पान कापून चौकटीत लावलं, भिंतीवर, आरशाच्या शेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. मीही दाखवायचे, कोपरावर बोट ठेवून.

पुढे शाळेने फतवा काढला. ज्या शाळेत ताईची दप्तरं जायची, त्याच शाळेने. म्हणे यंदापासून दप्तर शाळेचंच घ्यायचं, एका कंपनीचं, वर शाळेचं चिन्ह छापलेलं. दुसरं दप्तर आणलं तर मूल वर्गाबाहेर. ताईने तोवर सगळं कॅनव्हास आणून कापून ठेवलं होतं, निम्मं शिवलंही होतं. ती धावत मुख्याध्यापकांकडे गेली. चिन्ह मी पण छापून घेते म्हणाली, हातापाया पडली. मुख्याध्यापक काय म्हणाले माहितीये? "बाई, तुमचं तर पुस्तकात आलंय. तुम्हाला काय कमी!"

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरलेली नाही. दप्तरं घरात पडून राहिली. आजही माझ्याकडे एकात कांदे आहेत, एकात जुनी पायपुसणी. पट्टे अजून शाबूत! ताईने मशीन विकलं, आणि त्याच कंपनीच्या कारखान्यात लागली. शेवटच्या टेबलावर उभं राहून तयार दप्तरांचे लोंबणारे धागे कापते. दिवसभर उभी. बसायला स्टूल नाही, बसलं तर डोळा लागतो असं तिथल्या साहेबांचं मत. संध्याकाळी येते तेव्हा तिची बोटं मिटत नाहीत. चौकट मात्र भिंतीवर तशीच. मी एकदा काढायला गेले तर खेकसली, "राहू दे. त्यात मी बरी दिसते."

आणि बारकी नववीत गेली, त्याच शाळेत. पुस्तक तेच. वर्गात धडा आला तेव्हा पोरांनी बरोबर हेरलं, आडनाव जुळलं, चेहरा जुळला. झालं! तिचं नाव पडलं 'चौकट'. ए चौकट, पुढे सरक. ए चौकट, एक दप्तर शिवून दे. पोरगी घरी एका शब्दाने बोलली नाही. अभ्यासात हुशार, आकडेमोड तर अशी की वाणी तिला बोलावून हिशेब तपासून घ्यायचा. तिला पुढे वाणिज्य शाखेलाच जायचं होतं, कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीवर बसून काम करायचं होतं. खुर्चीवर! ते ताईनेच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

परीक्षेत प्रश्न आला. चौकट छापलेली, खाली विचारलेलं: वरील उदाहरणातील उद्योजिकेच्या यशाची तीन कारणे लिहा. गुण भरपूर. बारकीने काय लिहावं? तिने लिहिलं, 'ही उद्योजिका माझी आई आहे. तिचा व्यवसाय बंद पडला आहे. तो बंद पडला कारण शाळेने एकाच कंपनीचे दप्तर सक्तीचे केले. त्यामुळे यशाची कारणे लिहिता येत नाहीत.' खाली लाल शाईत भोपळा, आणि शेरा: पुस्तकातील मुद्दे लिहावेत. तेवढ्या गुणांनी ती नापास झाली. आता फेरपरीक्षा. त्यातही गेली तर शाळा दाखला हातात देते, मग जा कुठे जायचं तिथे. कुठे जायचं ते आम्हाला ठाऊक होतं. ताईच्या टेबलाशेजारी पोरी लागतातच.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धा दिवस बुडवून ती शाळेत निघाली, आणि मी तिच्या मागे, कारण तिला भांडता येत नाही आणि मला दुसरं काही येत नाही.

वाणिज्याचे सर तसे भले माणूस. शर्टाच्या कॉलरला शिवण उसवलेली, टेबलावर पेपरांचा ढीग. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा ताईकडे. उठून उभे राहिले आणि स्वतःची खुर्ची दिली. ताई बसली नाही.

"सर, पोरीने खोटं काय लिहिलंय सांगा," मी म्हणाले.

"खोटं नाही लिहिलं," सर म्हणाले. "चूक लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मला उत्तरं वरून छापून येतात. त्याच्याशी जुळलं तर बरोबर. आणि हे शाळेबद्दल तिने लिहिलंय, त्याला मी गुण दिले तर उद्या मी इथे नसेन."

"मग पुस्तक बदला ना! माणूस जिवंत समोर उभा आहे तुमच्या!"

"पुस्तक बदलायला समिती बसावी लागते. ती कधी बसेल, देव जाणे." मग ते ताईला म्हणाले, खालच्या आवाजात, "बाई, तिच्याकडून पुस्तकातलं पाठ करून घ्या. हुशार आहे पोरगी. निघेल."

मी आणखी बोलणार होते, पुष्कळ बोलणार होते. ताईने माझा दंड धरला आणि म्हणाली, "घेते पाठ करून."

मग ताईच्या घरात जे सुरू झालं ते कोणाच्या वैऱ्याच्या घरी होऊ नये. ताई कामावरून आली की भाजी निवडायला बसायची आणि बारकीला समोर बसवायची.

"पहिलं कारण?"

"चिकाटी."

"दुसरं?"

"योग्य नियोजन."

"तिसरं?"

बारकीने मान खाली घालून एक देठ मोडला.

"तिसरं काय गं? जीभ गिळलीस?"

"आई, मला नाही म्हणवत ते. बाबांनी काय केलं आपल्यासाठी?"

"बाबांचं कोण विचारतंय तुला? पुस्तकात काय आहे ते बोल."

"खोटं आहे ते!"

ताईने हातातली जुडी खाली ठेवली. "खोटं तर खोटं. नाही म्हणवत तर माझ्याशेजारी उभी राहा. तिथे जागा आहे. कातर मी देते."

बारकीने रडत रडत म्हटलं, कुटुंबाचा खंबीर पाठिंबा. ताई म्हणाली, "पुन्हा." मी तिथून उठून गेले. माझ्याच्याने बघवेना.

फेरपरीक्षा झाली. बारकी घरी आली ती तोंडाला कुलूप लावून. कसा गेला पेपर विचारलं तर "बरा" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ताईचा जीव टांगणीला. मी म्हटलं, पाठ केलेलं आलं नसेल, दुसरं काय.

आलं होतं, पण फिरवून आलं होतं. पेपर तपासून मिळाले त्या दिवशी बारकी थेट माझ्या घरी आली. उत्तरपत्रिका पुढे केली. "मावशी, पालकांची सही हवीये. तू कर ना. आईला नको दाखवूस."

"का? पुन्हा गेलीस?"

"पास झाले."

मी पाहिलं. तीच चौकट, तोच फोटो. खाली प्रश्न: या उद्योजिकेचा व्यवसाय अपयशी ठरला असता, तर त्याची तीन कारणे कोणती असती? आणि खाली बारकीचं नीटनेटकं अक्षर. 'पहिले कारण: चिकाटीचा अभाव. उद्योजिकेने अडचण येताच हार मानली असती. दुसरे कारण: नियोजनाचा अभाव. मागणीचा अंदाज न घेता कच्चा माल आधीच घेऊन ठेवला असता. तिसरे कारण: बाजारपेठेचा अभ्यास नसणे.' प्रत्येकाला बरोबरची खूण. पैकीच्या पैकी.

मी कपाळाला हात लावला. "अगं, हे काय लिहून ठेवलंस?"

"सरांनी वर्गात सांगितलं होतं, यशाची कारणं उलटी केली की अपयशाची होतात. तिसऱ्यात बाबा येत होते, म्हणून तेवढं धड्यातलं दुसरं घातलं." तिने उत्तरपत्रिका माझ्याकडे सरकवली. "मावशी, मला पास व्हायचं होतं गं."

मी पेन शोधायला उठले, सही ठोकून देणार होते. तेवढ्यात दारात ताई. कामावरून घरी गेली, पोरगी दिसली नाही म्हणून आल्या पावली इकडे आली होती. उत्तरपत्रिका टेबलावर उघडी.

तिने उचलली. दाराशी उजेडात जाऊन वाचली. ताई वाचते हळू, एकेका शब्दावर बोट ठेवून. बोट तीनही कारणांवरून गेलं. बारकी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, लहानपणी राहायची तशी.

"पास ना?" ताईने विचारलं.

"हो."

"वाणिज्य मिळणार?"

"हो, आई."

"पेन दे."

तिने सही केली. बोटं मिटत नव्हती, त्यामुळे सही वाकडीतिकडी आली. कागदाची नीट घडी घालून तिने तो बारकीच्या दप्तरात ठेवला, कंपनीच्या, चिन्हवाल्या. पट्ट्यापाशी एक धागा लोंबत होता, तो दातांनी तोडला. मग पायरीवर बसली, मी दिलेलं पाणी प्यायली. मला वाटलं आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"खरंय गं," ती मला म्हणाली. "कॅनव्हास आधी आणून कापायलाच नको होतं. चुकलंच माझं."

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? शाळेने तुझ्या पोटावर पाय दिला! तुझं काय चुकलं?"

"तुला नाही कळायचं. तू आणि मी कुठे शिकलोय?" ताईने बारकीकडे बघितलं, अगदी कौतुकाने. "ती शिकलीये. तिने उगाच लिहिलं असेल का?"