आबांनी काढलेलं लायसन

शहापूरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, की बाकी काही साठो न साठो, किस्से साठतातच! मशीन उघडावी तर आतून धूळ निघते आणि समोरून गिऱ्हाईक सुरू होतं. त्यातले खमंग किस्से एकट्या सुनीताचे.

सुनीता सिद्धगडच्या पायथ्याच्या वाडीवरली. मोबाइलची अ‍ॅप बनवते, हुशार पोरगी. नोकरीसाठी एका कंपनीनं परीक्षा लावली : एका महागड्या फोनवर चालणारं अ‍ॅप सोमवारी करून दाखवा. घोडं पेंड खात होतं ते इथं, की ते अ‍ॅप फक्त त्या फोनवाल्यांच्याच सिस्टीमवर बनतं. आणि सुनीताची मशीन साधी, मीच जोडून दिलेली.

"टाका ना दादा, माझ्या मशीनवर!"

मी अटी वाचून दाखवल्या. सिस्टीम फक्त त्यांच्याच मशीनवर चालवायची, बाकी मशीनला लायसन नाय!

सुनीता भडकली. "म्हंजे तांदूळ त्यांचा, तर टोपपण त्यांचाच? आमच्या टोपात भात नाय शिजवायचा?"

मी अटी पुन्हा वरपासून वाचल्या. टोप त्यांचाच!

*

माझा भागीदार रघू म्हणजे अर्धवट. त्यानं कुठूनतरी त्या फोनवाल्या कंपनीचं स्टिकर आणून सुनीताच्या मशीनवर चिकटवलं. "झाली ना कंपनीची?"

"रघूदादा, उद्या तुझ्या बाइकवर 'पोलीस' लिहिते. फिर मग शहापुरात!"

रघूनं गुपचूप नखानं स्टिकर खरवडलं.

*

सुनीताचे आजोबा, आबा, कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांचा जन्म गेला जंगलाच्या कडेला. बांधावरचा साग तोडायचा तरी परवाना. 'लायसन नाय' एवढं कानावर पडलं आणि आबा उठून चालते झाले.

तासाभरानं आले ते कागद फडकवत! कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलेला अर्ज : 'माझी नात सुनीता हिस दुसऱ्याच्या कंपनीची सिस्टीम आपल्या मशीनवर चालवणेकामी परवानगी मिळणेबाबत.' खाली कचेरीचा ठसठशीत निळा शिक्का, आवक! म्हणजे अर्ज पोचला, एवढंच.

"आता कोन अडवतो बघू!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सुनीता मात्र रडकुंडीला आलेली. शुक्रवार होता, आणि ही नोकरी हुकली तर घरचे तिचं कॉम्प्युटरचं शिकणं बंद करणार होते.

*

शनिवारी मी मुरबाडला एका फोटोग्राफरचा प्रिंटर बघायला गेलो. त्याच्या टेबलाच्या तुटक्या पायाखाली एक चपटा डबा. वाकून पाहिलं तर त्या फोनवाल्या कंपनीचीच अस्सल मशीन!

"मेलीय ती. न्या," फोटोग्राफर म्हणाला. "पण बदल्यात वीट द्या, टेबल हलता कामा नये."

मी वीट दिली! नुसता पॉवर सप्लाय जळाला होता. दुपारी मशीन सुरू झाली आणि सुनीता ओरडली, "आला गो बाई, टोप आला!" रविवारी संध्याकाळी तिचं अ‍ॅप तयार.

*

सोमवारी आमच्या दुकानातूनच व्हिडिओ कॉलवर परीक्षा. पलीकडे नोकरी देणाऱ्या कंपनीचे साहेब, मराठीच. अ‍ॅप बघून खूश झाले. मग एकदम गंभीर. "सिस्टीम साध्या मशीनवर चढवली असेल तर बाद हां. लायसन आहे ना?"

सुनीता कॅमेरा त्या चपट्या अस्सल डब्याकडे वळवणार, तेवढ्यात आबा मध्ये घुसले आणि अर्ज कॅमेऱ्याला लावला.

साहेबांनी चष्मा चढवला. पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं. सुनीतानं घाईनं कॅमेरा अस्सल डब्यावर नेला, तशी साहेबांच्या मिशीत हसू फुटलं.

"आबा," साहेब म्हणाले, "याची एक झेरॉक्स द्या. पोरीच्या नोकरीच्या कागदांना जोडतो."