मधली गावं

परगावाहून कुणीही आलं की माझे सासरे, नामदेवमामा, एकच विचारत, "पाणी कुठं पाजलं?" एस.टी.नं आलेल्या पाहुण्यालाही हेच. माणसं हसायची. मामा हसत नसत. आमच्या तेलगावकडून पार कोल्हापूरपर्यंत ऊसतोडीला त्यांनी बैलगाडी हाकलेली. जिथं बैलांना पाणी मिळालं तीच गावं त्यांच्या ध्यानात होती; बाकीचा नुसता रस्ता.

बैल पाण्याला तोंड लावत तेव्हा मामा बारीक शीळ घालत. सगळेच गडी घालतात. पण आमची जोडी त्यांच्या शिळेवाचून पाण्याला तोंडच लावत नसे.

थोरली लेक कौसा, माझी नणंद, त्यांनी तिकडंच कोल्हापूरच्या बाजूला दिली होती. दुष्काळाच्या साली मामांना दम्यानं धरलं आणि एकदा कौसाला बघावं, एवढाच ध्यास त्यांनी घेतला. पण बैल दूध सोसायटीच्या चारा छावणीत, माझे मालक पुण्याला बांधकामावर. मी पदर सावरत म्हटलं, "मामा, तुमी जाऊन या. मी बघते जनावरं."

"आन् शीळ कोन घालंल? तू?" मामा म्हणाले. मला घरात मोठ्यानं बोलताही यायचं नाही. मामा बैलांपाशी छावणीतच मुक्कामाला राहिले.

रोज त्यांची भाकरी घेऊन मी छावणीत जाई. धूळ, शेणाचा वास, टँकरकडं लागलेले डोळे. एकदा डोक्यावरून लहानसं विमान गेलं. छावणीतला कारकून म्हणाला, "आपल्या कारखान्याचे चेअरमन हायेत त्यात. निघाले ते थेट कोल्हापूरला उतरणार. पाऊण तास."

मामा विमान दिसेनासं होईतो मान वर करून उभे राहिले. "पाऊण तासात कोल्हापूर?"

"मग! तुमची भाकर खाऊन व्हायच्या आत."

"आरं, मग मधली गावं कुठं जातेत?"

सगळी छावणी हसली. "म्हाताऱ्या, त्याला बैल न्हाईत जुपलेले!" कुणीतरी ओरडलं. मामा खाली बसले. धाप लागली होती. मला हळूच म्हणाले, "कौसीच्या घरावरनंच गेलं आसंल बग ते."

पुढं पाऊस झाला, छावणी उठली, बैल घरी आले. तोवर मामांनी अंथरूण धरलं होतं. जायचं राहूनच गेलं. मी दुकानातून वन्संना फोन लावला. रात्रभर एस.टी.त बसून त्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. घर माणसांनी भरलेलं. मामांच्या तोंडात दोन दिवस पाणी गेलं नव्हतं. चमचा लावला की ओठ मिटत.

वन्सं उशाशी बसल्या. मामांनी डोळे उघडले, ओळखलं. "पाणी... कुठं पाजलं?"

वन्सं लहानपणी मामांच्या बैलगाडीत बसून त्या वाटेनं गेलेल्या. त्यांनी चमचा भरला. "मिरजंला, दादा," म्हणाल्या, आणि एवढ्या बाप्या माणसांदेखत, डोक्यावरचा पदर तसाच ठेवून, बारीक शीळ घातली.

मामांनी घोट गिळला.

"सांगोल्याला." पुन्हा शीळ. गिळला. "बार्शीला." अर्धाच गेला.

"कळंबाला, दादा."

शीळ बराच वेळ चालू होती. पाणी ओठांच्या कडेनं उशीवर उतरलं. आमचं गाव अजून पुढं होतं.