तेरा जुलैचं पान

१९९६ साली ऑगस्टमधल्या एका सोमवारी शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहून माझे पती खुर्चीत बसले. ते उठले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी वय विचारलं. मी पस्तीस म्हणाले. सोबत आलेल्या मुख्याध्यापकांनी जन्मतारीख सांगितली, एक जून, आणि ती कागदावर गेली. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. एवढंच मनात आलं की ही तारीख यांची नाही.

एक जून ही आमच्याकडच्या निम्म्या माणसांची तारीख. बाप पोराला शाळेत घेऊन यायचा, जन्म कधीचा ते त्याला सांगता यायचं नाही, मग गुरुजी वर्षाचा अंदाज बांधून पुढे एक जून लिहून टाकायचे. यांच्या दाखल्यावरही तेच होतं. यांना त्याचं हसू यायचं. म्हणायचे, "माझ्या वाढदिवसाला इंदापूर तालुक्यात घरटी एक पेढा वाटावा लागेल. आणि नेमकी शाळेला सुट्टी."

स्वतः शिक्षक झाल्यावर मात्र त्यांनी एकाही मुलाच्या नावापुढे अंदाजाने एक जून घातला नाही. आमची शाळा भवानीनगरच्या पलीकडे, ऊस आणि कारखान्याच्या मुलुखात. दाखल्याच्या दिवशी ते आईला समोर बसवून विचारत. कारखान्याचं गाळप चालू होतं का? तेव्हा कुणाच्या घरी लग्न होतं? अमावस्या होऊन गेली होती की यायची होती? काही बायका लाजत, काही वैतागत. एकीने विचारलं होतं, "गुरुजी, पोराला शाळंत घेताय का माझी साक्ष काढताय?" पण निघताना तिच्या मुलाला तारीख मिळालेली होती.

त्यांची दिनविशेषाची वही जाड, कापडी बांधणीची होती. एका तारखेला एक पान. घटना, जन्म, मृत्यू असे रकाने, आणि मुलांसाठी चौथा रकाना खेळाचा. रविवारी आम्ही बारामतीच्या वाचनालयात बसत असू. मी जुने अंक चाळून वाचून दाखवायची, ते लिहून घ्यायचे. आमच्या संसारातला बराच काळ त्या लांब टेबलाशी गेला. लोकांना ते फार नीरस वाटायचं. मला ते तसं कधी वाटलं नाही.

स्वतःच्या तारखेबद्दल त्यांनी आईला एकदाच विचारलं होतं, माझ्यासमोर. "आमच्यात कुठं तारखा व्हत्या," असं म्हणून आत्याबाई, माझ्या सासूबाई, शेळीला पाला टाकायला उठल्या. पुढे यांनी तो विषय काढला नाही. दुसऱ्यांच्या आयांना तासभर बसवून घेणारा माणूस स्वतःच्या आईपुढे एका वाक्यात गप्प झाला, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं.

पुढच्या मे महिन्यात मुख्याध्यापक घरी आले. वही शाळेला हवी होती, म्हणजे दिनविशेष चालू राहील. जाता जाता ते म्हणाले की सरांचं नावही त्यांच्या जन्मतारखेच्या पानावर आपण लिहू आणि त्या दिवशी फळ्यावर घेऊ. मग त्यांनाच आठवलं की एक जूनला शाळा नसते. मी म्हणाले, वही देते, पण थोडे दिवस थांबा.

मी कळसला, सासरच्या गावी गेले. दुपारची वेळ होती. आत्याबाई ओसरीवर चातीवर लोकर कातत बसल्या होत्या. मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती, शेती आली होती, पण हातातली चाती सुटली नव्हती. मी शेजारी बसले आणि यांच्यासारखंच विचारायला लागले. पाऊस होता का? मामंजी घरी होते का?

"मास्तराची बायको शोभतीस," त्या म्हणाल्या. "आता काय करायचं हाय त्या तारखंचं?"

मी मुख्याध्यापकांचं सांगितलं. त्या चाती फिरवत राहिल्या. चाती फिरायची थांबली तेव्हा म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाय असं न्हाय, पोरी. मी सांगितलं न्हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामंजी कोकरं घेऊन बारामतीच्या बाजाराला गेले होते. बाजाराच्या दिवशी उन्हं वर आल्यावर पोर झालं. दुसऱ्या दिवशी मामंजी परतले ते बातमी घेऊनच: धरण फुटलं, पुण्यात पाणी शिरलं, माणसं वाहून गेली. आत्याबाईंची जाऊ पाळण्यापाशी उभी राहून म्हणाली होती, ह्ये पोरगं पाण्याच्या पायानं आलं. ते वाक्य आत्याबाईंनी पस्तीस वर्षं उराशी धरलं होतं. शाळेत गुरुजींनी विचारलं तेव्हा त्यांनीच दिराकरवी निरोप धाडला होता, तारीख ठाऊक नाही म्हणून. कुणी दिवस जुळवू नये, पोराला बोल लागू नये.

"झाकला म्हून टळला न्हाय," त्या म्हणाल्या. "पस्तिशीतच गेला."

वही माझ्या पिशवीत होती. मी बारा जुलैचं पान काढलं. वर यांच्या सरळ अक्षरात लिहिलेलं: १९६१, बुधवार, सकाळी पानशेत धरण फुटले. खाली एका चित्रपट दिग्दर्शकाचा जन्म, एका अमेरिकन लेखकाचा जन्म. मी बुधवार या शब्दावर बोट ठेवून राहिले. बारामतीचा बाजार गुरुवारचा. तेव्हाही गुरुवारचाच.

"आत्याबाई, पाणी बुधवारी शिरलं. तुमचा लेक गुरुवारी झाला. तुमच्या जाऊबाईंचा हिशेब एका दिवसानं चुकला."

त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. बोटांवर वार मोजले, पुन्हा मोजले. मग म्हणाल्या, "त्या गुरवारी काय झालं व्हतं, ते वाच."

मी पान उलटलं. तेरा जुलै. घोडखिंडीची लढाई. खेळाच्या रकान्यात फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाला सुरुवात, १९३०.

"खिंडीत तरी माणसं मेलीच की," आत्याबाई म्हणाल्या. "आन् त्यो चेंडू?"

मी म्हणाले, लांबच्या मुलखात पायाने चेंडू खेळायची पहिली मोठी स्पर्धा त्या तारखेला सुरू झाली.

त्या जरा हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "मंजी कंचाबी दिस काढ, कोण मेलंय, कोण खेळतंय. रोजचंच हाय ह्ये." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "लिव्ह त्याचं नाव. त्यालाच ठाऊक न्हवतं, ह्ये तेवढं माझ्याकडनं चुकलं."

मी तिथेच ओसरीवर बसून नाव लिहिलं. मृत्यूच्या रकान्याकडे त्या दिवशी मी गेले नाही, आणि ऑगस्टच्या त्या पानावर नंतर मुख्याध्यापकांनी लिहिलं.

त्या वर्षीचा तेरा जुलै रविवारी आला, म्हणून पुढच्या वर्षीच्या तेरा जुलैला मी शाळेत गेले. फळ्यावर तीन ओळी होत्या. मुलांनी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि पहिल्या तासाला गणिताच्या सरांनी फळा पुसला. आत्याबाई आल्या नव्हत्या. संध्याकाळी कळसला जाऊन मी त्यांना अक्षर कसं होतं ते सांगितलं.

आत्याबाई आता नाहीत. वही शाळेतच आहे. तेरा जुलैच्या पानावर खेळाच्या रकान्यात नंतरच्या एका शिक्षकाने क्रिकेटचा लॉर्ड्सवरचा विजय लिहिला आहे. जन्माच्या रकान्यात एकच नाव आहे, आणि ते माझ्या अक्षरात आहे.